अष्टमीची भरती आणि मोरजीची पुळण

कोल्हापूरहून पहाटे निघालो, आजऱ्याला चहा घेतला, आंबोली उतरलो आणि सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी करत जेवणाच्या वेळेला गोव्यातल्या पेडण्यात शिरलो. सोबत १९ वर्षांची भाची. तिला काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून घसरत जाणं, शिकायचं होतं आणि तिचा पहिला धडा कुठे व्हायचा ते मला ठरवायचं होतं. गेले दोन हंगाम मी शिकवणाऱ्या सरांच्या हाताखाली काम करते आहे. तरी या वेळी पोटात गोळा होता. लेक माझ्या बहिणीची, आणि जबाबदारी माझी.

माझा स्वतःचा पहिला धडा एका खाडीच्या मुखाशी झाला होता. पाणी आरशासारखं सपाट, लाटा नाहीत, नवख्यासाठी याहून चांगलं काय, असं मला सांगितलं गेलं. दिवस पौर्णिमेचा, वेळ दुपारी दोनची. काइट पाण्यात पडला आणि मी त्याच्या दोऱ्यांना लटकून वाळूच्या दांड्यापलीकडे वाहत गेले. पाय टेकेनात. एका मच्छीमाराने होडी वळवली म्हणून मी आज हे लिहिते आहे. वारा त्या दिवशी उत्तम होता, सामानही नवं होतं. जागा चुकली होती, आणि जागेपेक्षा वेळ.

म्हणून या वेळी दोन दिवस नुसतं बघण्यात घालवायचे ठरवले. काइट गाडीतच.

पहिली संध्याकाळ हरमलची. किनारा रुंद आणि वाळूचा आहे, नवख्याला आवडेल असा. पण उत्तरेला, गोड्या पाण्याच्या तळ्याकडे जाताना जी टेकडी लागते, तिच्या पोटाशी काइट उडवायला मी कुणालाच सांगणार नाही. इथला दुपारचा वारा वायव्येचा. तो टेकडीवरून येतो आणि तिच्या आडोशाला गोते खात खाली पडतो. आडोसा जितका उंच, त्याच्या साधारण सातपट अंतरापर्यंत वारा गढूळ राहतो असं आम्ही धरतो. अशा वाऱ्यात काइट एका क्षणी सैल पडतो आणि दुसऱ्या क्षणी माणसाला उचलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट नाही, चौपट होते. नवख्याच्या हातात ती सावरायची ताकद नसते, सवयही नसते.

शिवाय तिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची चालली होती. दोर पुळणीवरून थेट समुद्रात गेलेले, दोन्ही बाजूंना माणसं कंबर कसून उभी. काइटच्या दोऱ्या २० ते २४ मीटर लांब असतात. त्या रापणीच्या दोरात गुंतल्या तर नुकसान आधी रापणकारांचं. किनारा त्यांचा आहे, आपण पाहुणे. दोन पावलं मागे सरून विचारायचं, एवढं आपण करूच शकतो.

विचारलं म्हणून तर तात्या भेटले. रापणीवरचे जुने जाणते, सत्तरीच्या पुढचे. मी वाऱ्याबद्दल विचारलं तर त्यांनीच उलट विचारलं, "आज तीथ खंयची गो बाय?" मी म्हटलं, सप्तमी. त्यांनी बोटांवर मोजलं. तिथीला पाऊणपट करायची, येईल त्या तासाला भरती पूर्ण. सप्तमीची सव्वापाच. अष्टमीची सहा. पौर्णिमेची सव्वाअकरा. ढोबळ हिशेब आहे, पण कोकणपट्टीवर कित्येक पिढ्या याच्यावर होड्या सुटल्या आहेत.

मी तिथेच वाळूत बसले. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती म्हणजे त्यानंतर सहा तास ओहोटी, तीही उधाणाची. नेमकी खारे वारे धरतात ती दुपार. माझ्या त्या पहिल्या धड्याच्या वेळी सबंध खाडी समुद्राकडे रिकामी होत होती आणि तिच्या तोंडाशी मला उभं केलं होतं. उलट अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला संपते. मग पाणी चढू लागतं, आणि अष्टमीच्या आसपासची ही भांगाची, म्हणजे लहान, भरती, म्हणून ओढही सौम्य. म्हणजे अष्टमीपासून एकादशीपर्यंतच्या दुपारी नवख्यासाठी उत्तम. जेवणानंतर पुळण सर्वांत रुंद आणि पाण्याचा कल जमिनीकडे. इतक्या दिवसांत हे माझ्या डोक्यात असं जुळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मोरजीच्या दक्षिण टोकाला, तेंबाला गेलो. एका वाडीत पातेरा जाळत होते आणि धूर सरळ समुद्राकडे चालला होता. मतलई वारा. भाचीला तो धूर दाखवला आणि म्हटलं, हा वारा असताना काइट पिशवीतून बाहेरही काढायचा नाही. किनाऱ्यावरून समुद्राकडे जाणारा वारा अंगाला गोड लागतो, पाणीही सपाट ठेवतो, पण चूक झाली की तो माणसाला आत नेतो. वारा असा हवा की समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर तो तिरका, उजव्या गालावर लागला पाहिजे. मग हातून काही सुटलं तरी तो डावीकडे आणि हळूहळू किनाऱ्याकडे आणून सोडतो. मोरजीला दुपारचा वारा असाच असतो.

तेंबाला शापोरा नदी समुद्राला मिळते. पलीकडे शापोऱ्याचा किल्ला. दृश्य इतकं सुंदर की माणूस तिथेच पथारी पसरेल. मी एक नारळाचं सोडण उचलून पाण्यात टाकलं आणि भाचीला मोजायला सांगितलं. वारा अजून समुद्राकडेच होता, पण पडलेला. तरी ते सोडण तिच्या चालण्याच्या वेगाने दांड्याकडे निघालं आणि शंभर मोजेपर्यंत फेसात दिसेनासं झालं. ती गप्प झाली. ओहोटी तशी नुकतीच लागली होती, भांगाचे दिवस, तरी एवढी ओढ.

तेंब सोडायचं दुसरंही कारण आहे. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि वनखातं घरट्यांभोवती कुंपण घालून राखण करतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वांत वरच्या दर्जाचं संरक्षण दिलं आहे. जिथे वाळूखाली अंडी आहेत तिथे आपण दोऱ्या ओढत फिरायचं नाही.

पण तेंब टाळलं म्हणून काम संपत नाही. वायव्येचा वारा माणसाला दक्षिणेकडे नेतो, म्हणजे मोरजीत कुठेही पाण्यात उतरलं तरी वाऱ्याच्या खालच्या बाजूला शेवटी नदीचं मुखच आहे. म्हणून मुखापासून जितकं वर सरकता येईल तितकं सरकायचं. उत्तरेकडचे आश्व्याचे खडक आणि मोरजीची मोकळी पुळण यांच्यामध्ये आम्ही जागा शोधत चाललो. खडक वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहिले पाहिजेत, खाली नाहीत. लाल-पिवळ्या झेंड्यांमधली पोहायची जागा सोडून दिली. मग पाण्यात कमरेपर्यंत उतरून पायांनी तळ चाचपला: वाळू, वाळू, एक शिंपला, वाळू. जमिनीकडे शॅक, खाटा आणि छत्र्या. वारा थोडा तिकडेही ढकलतो, म्हणून १०० मीटर तरी रिकामी वाळू हवी. ती ओहोटीलाच मिळते. जीवरक्षकाला जाऊन सांगितलं की उद्या दुपारी इथे शिकवणार आहोत. त्याने कुठे पाण्याला ओढ असते ते हाताने दाखवलं आणि आमची जागा आणखी थोडी उत्तरेला सरकवली.

नवमीला दुपारी एकपर्यंत माडांची झावळं हलत नव्हती. मग समुद्रावर लांब एक काळपट पट्टा उमटला, तो पुढे सरकत आला आणि उजवा गाल गार झाला. दीडला वारा १२ नॉट, म्हणजे ताशी २२ किलोमीटर. सर म्हणाले, चला.

पाण्याच्या कडेपासून वर दहा-दहा पावलांवर मी बांबूच्या तीन काठ्या रोवल्या. पाणी तिसरीला लागलं की धडा बंद, असं आधीच ठरवून टाकलं. हेल्मेट, जॅकेट. वाळूत उभं राहून तिने क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ झटक्यात सोडवायची कळ, दहा वेळा ओढला, नंतर डोळे मिटून दहा वेळा. सर तिच्या पाठीशी उभे. साडेतीनला ती पहिल्यांदा फळीशिवाय, नुसत्या अंगाने, काइटमागे पाण्यातून ओढली गेली. डावीकडे, तिरकी, दीडशे मीटर. मग काइट तिच्या हातून पाण्यात आपटला.

मी धावले. धावायची गरज नव्हती. ती कमरेएवढ्या पाण्यात उठून उभी होती, केसांत वाळू, आणि काइट तिच्या पुढे उथळ पाण्यात शांत पडला होता. खाली तेंबापर्यंत मोकळी पुळणच पुळण. ती दोऱ्या गुंडाळत चालत परत आली.

"मावशी, अजून एकदा?"

मी काठ्यांकडे पाहिलं. पाणी दुसरीला लागलं होतं. "जा," म्हटलं.