तुम्ही विचारलंत म्हणून: सुरुवात 'ब्लॅक एल्क स्पीक्स'ने का नको?

डकोटा, लकोटा, नकोटा या उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांमधल्या लेखकांची यादी दिली की प्रश्न ठरलेला: "आणि 'ब्लॅक एल्क स्पीक्स'? ते राहिलं का?" राहिलेलं नाही. मुद्दाम शेवटी ठेवलंय. का, ते एकदा सविस्तर सांगते.

मे १९३१, अमेरिकेतलं पाइन रिज हे लकोटांचं राखीव क्षेत्र, मँडरसन गावाजवळ. ब्लॅक एल्क हे लकोटांमधले म्हातारे धर्मपुरुष आपली आयुष्यकथा लकोटा भाषेत सांगतात. मुलगा बेन त्याचं इंग्रजी करतो. कवी जॉन नायहार्ट ते आपल्या इंग्रजीत पुन्हा म्हणतात, त्यांची मुलगी एनिड लघुलिपीत उतरवते, मागाहून टंकते. त्या कागदांवरून नायहार्ट पुस्तक लिहितात. पुस्तकातला 'मी' इतक्या हातांतून आलेला आहे. वाटेत काही गळणारच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार भर पडली त्याबद्दल आहे. १८९० मध्ये अमेरिकी सैन्याने लकोटांची कत्तल केली त्या वुंडेड नीच्या बर्फात एका लोकसमूहाचं स्वप्न मेलं, हा जो शेवट वाचून सगळे गहिवरतात, तो नायहार्टचा. त्यांनी ते लपवलंही नाही. १९८४ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ रेमंड डीमॅलींनी एनिडची मूळ टिपणं छापली, हवं तर ताडून बघा. आणि वगळलं काय? १९०४ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ब्लॅक एल्क वर्षानुवर्षं कॅथलिक धर्मशिक्षक होते, १९५० पर्यंत जगले. पुस्तकातली आयुष्यकथा १८९० च्या आसपास थांबते. म्हणजे पहिल्याच पुस्तकात वाचकाची भेट संपलेल्या लोकांशी होते. मग त्यांच्यातले आज लिहिणारे कोण, हे शोधायला तो जाईल कशाला?

'ब्लॅक एल्क स्पीक्स' आलं त्याच १९३२ साली एला डेलोरियांचं 'डकोटा टेक्स्ट्स' निघालं. बाई डकोटांच्या यँक्टन शाखेतल्या, स्टँडिंग रॉक या राखीव क्षेत्रात वाढलेल्या. ६४ कथा, मूळ भाषेत आणि इंग्रजीत, मधे दुभाषा नाही. ते अभ्यासकांच्या कपाटात गेलं. त्यांची 'वॉटरलिली' ही कादंबरी १९४० च्या दशकात लिहून झाली होती. वाचक मिळणार नाही म्हणून नाकारली गेली, बरीच कापावीही लागली. छापली १९८८ मध्ये. लेखिका १९७१ मध्येच गेल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, एलांचे भाचे व्हाइन डेलोरिया ज्युनियर यांनीच १९७९ मध्ये 'ब्लॅक एल्क'ला प्रस्तावना लिहून ते सगळ्या जमातींचं बायबल ठरवलं. खरंय. त्यातून स्वतःच्या परंपरेकडे परतणारे तरुण त्यांनी पाहिले होते. त्या तरुणांना निदान घरच्या म्हाताऱ्यांना विचारता येत होतं, आपल्याला ती सोय नाही, असं मी म्हणते. पण अनेकांची म्हातारी माणसं बोर्डिंग शाळांनीच, म्हणजे मुलांची भाषा आणि चालीरीती मोडायला काढलेल्या निवासी शाळांनीच, गप्प केली होती. तेव्हा हे उत्तर लंगडंच.

तरी क्रम बदलत नाही. आधी झित्काला-शा या यँक्टन लेखिकेचं 'अमेरिकन इंडियन स्टोरीज' (१९२१). हक्क संपलेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. सुरुवातीचे तीन आत्मकथनपर लेख १९०० मध्ये 'अटलांटिक मंथली'त आले होते; पहिल्या बैठकीला तेवढे पुरे. मग 'वॉटरलिली'. इथे लोक पन्नासेक पानांत सोडतात, कारण कथानक नात्यांच्या नियमांवर चालतं. जावई सासूशी थेट बोलत नाही, तो मानाचा भाग असतो. हे लक्षात नसेल तर प्रसंग कोरडे वाटतात. कोण कुणाचं कोण, ते कागदावर मांडून घ्या. पुढे लेली लाँग सोल्जर यांचा कवितासंग्रह 'व्हेअरअॅज' (२०१७). त्यातली '३८' ही कविता मोठ्याने वाचा: २६ डिसेंबर १८६२ ला मिनेसोटातल्या मँकॅटोत ३८ डकोटांना फाशी दिलं, त्याबद्दलची. शेवटी 'ब्लॅक एल्क', शेजारी डीमॅलींची टिपणं ठेवून. याहून पुढे जायचं तर या लेखकांचाच, १९९३ पासूनचा, ओक लेक रायटर्स सोसायटी हा गट काय सुचवतो ते बघा.

ग्रंथालयात 'नकोटा' टाकून शोधलंत तर जुन्या नोंदींत झित्काला-शा आणि एलाही सापडतील, कारण यँक्टनांना पूर्वी नकोटा म्हणत. त्या दोघी डकोटा. नकोटा म्हणजे असिनिबॉइन आणि स्टोनी, मुख्यतः मोंटाना, सस्कॅचेवान, अल्बर्टाकडचे. त्यांच्यासाठी ही नावं टाकून वेगळं शोधावं लागेल.