एक कोटी बारा लाख कोणाचे?

दिवाळीनंतर माझ्याकडे आलेल्या कर्जाच्या एका फाइलवर आमच्या बँकेच्या शाखेचा शेरा होता, ‘कॅश फ्लो उत्तम, मर्यादा वाढवण्यास हरकत नाही.’ कंपनी छोटी. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत, एक गोडाऊन, घरांच्या आणि कारखान्यांच्या छतांवर सोलर बसवण्याचं काम, उलाढाल ९ कोटी २० लाख. कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या रोजच्या खर्चासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंत कधीही उचलता येणारं कर्ज, ६० लाखांचं होतं, ते दीड कोटी करून हवं होतं. मालक बडोद्याचेच, तिथल्या कलाभवन या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेले इंजिनिअर, स्वतः छतावर चढणारे.

मी बँकेत कर्जप्रस्ताव तपासते. आम्ही नफा बघतो असं लोकांना वाटतं. नफा ताळेबंदात छापलेला असतो, तो बघायला वेळ लागत नाही. वेळ जातो तो नफ्याचे पैसे खात्यात खरंच आले का आणि जे आले ते कशाचे, हे शोधण्यात. २०२४-२५ साली या कंपनीचा नफा ४८ लाख आणि धंद्यातून आलेली रोकड, म्हणजेच कॅश फ्लो, १ कोटी १२ लाख. नफ्याच्या दुपटीहून जास्त रोकड हाती आली की आमचा मूल्यांकनाचा तक्ता पैकीच्या पैकी गुण देतो. याच कंपनीचा २०२१-२२चा कॅश फ्लो उणे ७४ लाख होता. तेव्हा तक्त्याने शून्य दिलं होतं आणि मर्यादा वाढवायला नकार गेला होता. मला दोन्ही निकाल उलटे वाटतात, आणि म्हणूनच हे प्रकरण डोक्यातून जात नाही.

२०२१-२२ साली गुजरातेत सूर्य गुजरात योजना चालू होती. ३ किलोवॅटपर्यंत ४० टक्के सबसिडी, त्यापुढे १० किलोवॅटपर्यंत २० टक्के. ग्राहक सबसिडी वजा करून उरलेली रक्कम द्यायचा आणि सबसिडी वीज वितरण कंपनीमार्फत सोलर बसवणाऱ्याला मिळायची. म्हणजे थांबायचं ते सोलरवाल्याने. पॅनेलचे पैसे आधी मोजायचे, मीटर बसवून घ्यायचा, तपासणी, कागदपत्रं, मग आपला गठ्ठा मंजूर व्हायची वाट बघायची. त्या वर्षीची उणे रोकड ही बव्हंशी सबसिडीची येणी होती. उशिरा येणारे पैसे, पण बुडणारे नव्हेत. कामं पूर्ण झालेली, मीटर फिरत असलेले. दर्जा म्हणून विचाराल तर ती येणी सोन्यासारखी होती.

१३ फेब्रुवारी २०२४ला पीएम सूर्यघर योजना आली आणि सबसिडी थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जाऊ लागली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, जास्तीत जास्त ७८ हजार. सोलरवाला पूर्ण किंमत ग्राहकाकडून घेतो, तीही बहुतेक काम सुरू होण्याआधी. आता थांबतो तो ग्राहक. ताळेबंदाला यातलं काही कळत नाही, त्याला फक्त रोकड वाढलेली दिसते.

मी १ कोटी १२ लाख उसवायला घेतले. त्यात जुन्या योजनेतली राहिलेली सबसिडी ५८ लाख होती. ती याच वर्षी जमा झाली आणि पुन्हा येणार नाही. ग्राहकांचा अ‍ॅडव्हान्स वर्षभरात ७१ लाखांनी वाढला होता. तो कंपनीने कमावलेला नाही, देणं आहे. दोन्ही वजा केल्यावर उरले उणे १७ लाख. ४८ लाख नफा सांगणाऱ्या धंद्याने स्वतःच्या बळावर १७ लाख गिळले होते. सनदी लेखापालाच्या सहीचे आकडे अगदी बरोबर होते, कुठे खोट नव्हती. शाखेने फक्त शेवटची ओळ वाचली होती. शाखांचं हे नेहमीचंच आहे आणि मला त्याचा खरोखर राग येतो, कारण ताळेबंदामागच्या टिपा उलटून बघायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

मी त्यांच्या हिशेबनीसभाईंकडून अ‍ॅडव्हान्सची चालू यादी मागवली. नाव, भाग, किलोवॅट, रक्कम, तारीख. त्यात चार रकाने वाढवून द्यायला सांगितलं: योजनेच्या पोर्टलवरचा अर्ज क्रमांक, सांगाडा उभा राहिल्याची तारीख, पॅनेल पोचल्याची तारीख, मीटर बसल्याची तारीख. यादी आली तेव्हा बऱ्याच नावांपुढे पॅनेलचा रकाना रिकामा होता, काहींपुढे दोन-अडीच महिन्यांपासून.

मग बँकेचं स्टेटमेंट आणि खरेदीची बिलं शेजारी शेजारी ठेवून बसले. या कामातला हा भाग मला मनापासून आवडतो. ऑगस्टच्या एका आठवड्यात घरगुती ग्राहकांचे लहान लहान जमा व्यवहार, ८० हजार, ६५ हजार, १ लाख १० हजार. लगेच पुढच्या आठवड्यात पॅनेलच्या व्यापाऱ्याला एक मोठा आरटीजीएस. इथवर सरळ. पण त्या खरेदीच्या बिलावर पॅनेल नॉन-डीसीआर लिहिलेली होती. घरगुती सबसिडीला डीसीआर पॅनेल लागतात, म्हणजे ज्यांचे सेलही भारतात बनलेत अशी, आणि ती महाग असतात. नॉन-डीसीआर पॅनेल या घरांवर चढणारच नव्हती. मालवाहतुकीचा परवाना असतो ते ई-वे बिल शोधून काढलं, माल उतरवायचं ठिकाण वाघोडियाचा एक कारखाना. तिथलं काम पूर्ण झालेलं, बिल दिलेलं, पैसे मात्र यायचे होते. फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कापलेल्या कराच्या नोंदीत, त्या कारखान्याने कापलेला टीडीएस दिसत होता, तेव्हा विक्री खोटी नव्हती. घरवाल्यांनी भरलेल्या पैशांवर एका कारखान्याला तीन-चार महिन्यांची बिनव्याजी उधारी मिळाली होती, आणि हे त्या घरवाल्यांना माहीत नव्हतं.

कारखाने असे का वागतात, तेही सांगते. लहान उद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकवली नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही, असं आयकराचं कलम ४३बी(एच) १ एप्रिल २०२४पासून लागू झालं. हेतू उत्तम. पण उशीर झाला तरी त्याच आर्थिक वर्षात पैसे दिले की वजावट शाबूत राहते. त्यामुळे कारखान्याचा हिशेब विभाग जागा होतो तो मार्चात. ३१ मार्चला अशा कंपनीचं खातं गुटगुटीत दिसतं, आणि ताळेबंदाचा फोटो निघतो तो नेमका त्याच दिवशी. महिनाअखेरच्या बारा शिलकांची सरासरी काढली तेव्हा कॅश क्रेडिट वर्षभर मर्यादेला टेकलेलं निघालं.

मांजलपूरच्या एका घरी मी स्वतः गेले. यादीतलं नाव होतं, ऑगस्टात ८० हजार भरलेले. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. गच्चीवर जस्त चढवलेले पाय उभे होते, पायांशी सिमेंटचे ठोकळे घट्ट बसलेले, वायरची नळी भिंतीवरून मीटरपर्यंत आणून तिच्या तोंडाला चिकटपट्टी लावलेली. काम नेटकं होतं, त्यात कुचराई नव्हती. एका पायाला नि पाण्याच्या टाकीला दोरी बांधून त्यावर चादरी वाळत घातल्या होत्या. काकू म्हणाल्या, “माणसं चांगली आहेत हो, फोन उचलतात. पण पॅनेल गाडीत आहे, गाडीत आहे, असंच सांगतात.” काकांनी पावती आणून दाखवली, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी मालकांसमोर मी यादी आणि ई-वे बिल ठेवलं. त्यांनी काही नाकारलं नाही. “ताई, पॅनेलवाला ट्रक सुटायच्या आधी सगळे पैसे मागतो. कारखाना तीन महिन्यांनी देतो. तुमची बँक साठ लाखांवर अडलेली. मधलं कोणी भरायचं?” मग जरा थांबून म्हणाले, “एका ग्राहकाचा रुपया बुडवलेला नाही आजवर.” ते खरं होतं. जुन्या यादीतलं प्रत्येक काम पूर्ण झालेलं मी तपासलं होतं. त्यातून २२ सप्टेंबर २०२५ला सोलरवरचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकांच्या दृष्टीने फारच चांगलं, पण आधी १२ टक्क्यांनी घेतलेल्या मालाचा कर यांच्या क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे जीएसटीच्या जमाखात्यात, अडकला. तो पुढच्या करातून हळूहळू वळता होईल, पॅनेलवाल्याला मात्र तो देता येत नाही.

मला झोप लागू दिली नाही ती त्यांच्या प्रश्नाने. मी ‘रोकड ग्राहकांची आहे’ असं लिहून मर्यादा नाकारली, तर हा माणूस आणखी अ‍ॅडव्हान्स गोळा करणार. बँकेने हात आखडला की भार मांजलपूरच्या काकांवर. मर्यादा मोकळी दिली, तर तीही वाघोडियाकडे वळणार. मी लिहिलं की पैसे वाढवून द्या, पण वाढीव रक्कम फक्त डीसीआर पॅनेलसाठी, अर्ज क्रमांकांच्या यादीवर, थेट पुरवठादाराला. पॅनेल छतावर पोचेपर्यंत ग्राहकाकडून २० टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत. कारखान्यांची बिलं ट्रेड्सवर, म्हणजे लहान उद्योगांची येणी आधीच पैशांत बदलून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, वटवायची.

समितीत एक साहेब म्हणाले, कॅश फ्लो इतका चांगला असताना अटी कशाला? माझी टिपणी वाचून दुसरे म्हणाले, मग देऊच नका. एकाच आकड्यावरून दोन टोकं, आणि दोघांनाही मधली वाट म्हणजे कटकट वाटत होती. शेवटी ६० लाख होते तसे ठेवले आणि ४० लाख माझ्या अटींवर मंजूर झाले. मालक नाराज झाले, फोनवर तसं बोललेही. तरी यादी दर महिन्याला येते. काकांच्या ओळीतले चारही रकाने भरले आहेत, मीटरच्या तारखेसकट.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. प्रत्येक घरगुती यंत्रणेची पाच वर्षं देखभाल करण्याची जबाबदारी बसवणाऱ्यावर आहे. त्याचे पैसे आजच्याच किमतीत घेतले जातात, आणि ताळेबंदात त्यासाठी एक रुपयाही बाजूला काढलेला नाही. पुढच्या तपासणीत तो विषय मी काढणार आहे. त्याआधी मार्चअखेरचा ताळेबंद येईल. अ‍ॅडव्हान्स कमी झालेला असेल, जुनी सबसिडी नसेल, म्हणजे कॅश फ्लो घसरलेला दिसेल आणि तक्ता गुण कापेल. खात्यातली रोकड पहिल्यांदाच कंपनीची स्वतःची असेल, नेमकी तेव्हा. त्याचं स्पष्टीकरण लिहून मी आत्ताच फाइलला लावून ठेवलं आहे.