आज जर्नलमध्ये चावी
आज वही उघडली आणि काय काढायचं हेच सुचेना, मग समोर पडलेली चावीच काढली, कागदाकडे अजिबात न बघता, नजर तिच्या कडेवरून हळूहळू फिरवायची आणि पेन्सिल तशीच सरकवत न्यायची, ब्लाइंड कॉन्टूर म्हणतात याला. दात वेडेवाकडे आलेत पण त्यातला एक झिजलाय हे आजच दिसलं मला! बाजूला तारीख टाकली, उजेड कुठून येत होता तेही लिहिलं. पान सुंदरच झालं पाहिजे हा हट्ट सोडला की वही रोज उघडली जाते, हे माझं ठाम मत. आणि हो, वॉटरकलर करणार असाल तर १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद पाण्याने फुगतो, ३०० चा घ्या. मी सध्या पेन्सिल आणि पेनवरच खूश आहे, रंग नंतर बघू.