बंड्याला घेऊन एवढं लांब कसं जाता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर दर गणपतीत कोणीतरी हेच विचारतं, की कुत्र्याला घेऊन ओरेगनमधल्या हिल्सबरोहून व्हँकुव्हरला कसे जाता, बोर्डिंगमध्ये का नाही ठेवत. (कॅनडातलं व्हँकुव्हर हं, आमच्या इथल्या नदीपलीकडचं, वॉशिंग्टन राज्यातलं नाही.) एकदा ठेवला होता, तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही पठ्ठ्यानं, विषय संपला.

आधी आम्ही गॅस स्टेशनमागच्या गवतावर पाच मिनिटं फिरवायचो आणि मग पुढचे तीन तास मागून कुंईकुंई ऐकायचो. आता आय-फाइव्ह हायवे सोडून थोडी वाट वाकडी करतो आणि सिएटलजवळच्या रेडमंडच्या मेरीमूर पार्कला थांबतो, पहाटे निघालं की साडेनऊपर्यंत पोचतो. तिथे कुत्र्यांना मोकळं सोडायला 40 एकर जागा आहे, कडेनं समामिश नदी, काठावर पाण्यात उतरायला जागा केलेल्या. पार्किंगपासून तिथपर्यंत मात्र पट्टा हवाच, आणि शी उचलायची पिशवी आपली आपण न्यावी.

आई सांगलीहून आली होती तेव्हा हे 40 एकर बघून गप्पच झाली, मग म्हणाली, "कुत्र्यांना? अगं, ऊस लावला असता." तेवढ्यात बंड्या नदीतून आला आणि नेमका तिच्या शालीशेजारी उभा राहून अंग झाडलं. तिनं शिव्या दिल्या आणि दोन मिनिटांनी डब्यातला रव्याचा लाडू त्याच्यापुढे धरला, मी अक्षरशः ओरडले, कारण त्यात बेदाणे होते आणि बेदाणे, द्राक्षं, कांदा हे कुत्र्याला विष. आई दिवसभर रुसली, "लाडवानं कोणी मरतं का" म्हणून.

तासभर पळाला, पोहला, दिसेल त्याचा वास घेतला की बंड्या थेट बॉर्डरपर्यंत घोरतो. जेवणही आमचं तिथेच, दशम्या आणि चटणी, कारण हॉटेलात जायचं तर याला गाडीत ठेवावं लागतं आणि बाहेर 21 डिग्री असलं तरी बंद गाडीत अर्ध्या तासात 40 होतं, काच थोडी खाली ठेवून काही फरक पडत नाही. उन्हाळ्यात निघताना पंजांच्या बोटांत आणि कानांत कुसळं बघतो, ती आत शिरत जातात आणि मग व्हेटचं बिल बघवत नाही.

बॉर्डरला रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, आणि अमेरिकेत परत येताना ऑगस्ट 2024 पासून सीडीसीचा (तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा) ऑनलाइन फॉर्म, कुत्र्याच्या अंगात बसवलेली मायक्रोचिपपण हवी. हे निघायच्या आधीच उरका, रांगेत बसून फोनवर भरायला गेलात तर नवरा-बायकोचं भांडण ठरलेलं (अनुभव आहे).

ओल्या कुत्र्याच्या वासावर मात्र उपाय नाही. दोन जुने टॉवेल नेतो, खिडक्या उघडतो, तरी येतोच. आई आता सांगलीहून फोन करते तेव्हा आधी विचारते, "टॉवेल घेतलेस का?" आणि मग हळूच, "लाडू बेदाणे न घालता करून बघ की."