बल्ब एक सांगतो, माणसं दुसरंच

मी अपघाताच्या विमा क्लेमचा तपास करतो. गाळप हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या ट्रॉलीला मागून दुचाकी धडकल्याच्या केसेस येतातच, पण गगनबावडा रोडवरची, बालिंग्याचा पूल ओलांडून दोनवड्याच्या बाजूची ही एक केस काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

अंधार पडताना एक पोरगा बाईकसकट ट्रॉलीवर आदळला. मांडीचं हाड मोडलं, मागं बसलेला मित्र थोडक्यात वाचला. आता सगळं दोन गोष्टींवर अडलंय, बाईकची लाईट चालू होती का आणि ट्रॉली उभी होती की चालती. पोराची चूक जितकी ठरेल तितके टक्के त्याच्या भरपाईतून कापले जातात.

चहाच्या गाड्यावरचे दादा छातीठोक म्हणाले, "लाईट न्हवतीच सायेब, काळं कायतरी आलं आन आदळलं." एसटीची वाट बघत बसलेल्या मावशी पण तेच म्हणाल्या. दोघांचं कुणाशीच देणंघेणं नाही, असा साक्षीदार कोर्टात सोन्यासारखा धरतात. ट्रॅक्टरवाला मात्र म्हणाला, "वळणावर आरशात लाईट दिसलेली मला." म्हणजे स्वतःच्याच अंगाशी येणारं.

बाईक जुनी होती. १ एप्रिल २०१७ पासून नवीन दुचाकीला लाईट कायम चालू ठेवायचा नियम आला, ही त्याच्या आधीची, म्हणजे बटण दाबलं तरच लागणार. मी हेडलाईट उघडून बल्ब काढला. ३५/३५ वॅटचा साधा बल्ब, आत दोन फिलामेंट, एक अप्परचं एक डिपरचं. काच फुटलेली. अप्परचं फिलामेंट चकचकीत, जसंच्या तसं. डिपरचं काळंनिळं पडलेलं, वेटोळी ताणलेली, बाजूच्या तारेवर पिवळट पांढरी पूड, आणि भिंगाखाली धरलं तर तारेला काचेचे बारीक मणी चिकटलेले. पेटलेलं फिलामेंट अडीच हजार अंशांच्या वर तापलेलं असतं, काच फुटून हवा लागली की ते जळतं आणि काचेचा कण त्यावर पडला की वितळून बसतो, थंड तारेवर हे होतच नाही. काच फुटली त्या क्षणी लाईट डिपरवर चालू होती, यात मला तरी शंका नाही. हे असं पुराव्याचं काम हाताला लागलं की बरं वाटतं, आणि लोक बल्ब भंगारात टाकून देतात याचा राग येतो.

मग दादा आणि मावशी खोटं बोलले का? अजिबात नाही. डिपर, त्यात धुळीनं माखलेली काच, आणि दोघंही रस्त्याच्या कडेला, बाजूनं बघणारे. त्यावर पहिल्या रात्री जबाब घेणाऱ्यानं विचारलं होतं, "लाईट नव्हती ना त्याची?" (हे मावशींनीच सांगितलं.) असं विचारू नये हे शिकवून शिकवून लोक थकले. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या धडकेच्या फिल्म दाखवल्या, प्रश्नात फक्त क्रियापद बदललं, तर जोरात आदळल्या असं विचारलेल्यांनी वेग सरासरी ताशी ४० मैलांच्या वर सांगितला आणि नुसत्या टेकल्या असं विचारलेल्यांनी ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानं फुटलेली काच दिसली का विचारलं तर 'आदळल्या'वाल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, फिल्ममध्ये काच नव्हतीच. आणि आपल्याकडं जबाब घेणाऱ्याचा प्रश्न कागदावर येतच नाही, फक्त उत्तर येतं.

आता ट्रॅक्टरवाला खरा माणूस म्हणावा, तर ट्रॉलीच्या मागच्या फळीवर रेडियमची पट्टी, कोरी करकरीत. फळी चिखलानं आणि पाचटाच्या धुळीनं भरलेली आणि पट्टीवर बोट फिरवलं तर बोट स्वच्छ. "पयल्यापास्नं हाय की ओ," म्हणाला. मी काहीच बोललो नाही, फोटो काढले.

म्हणजे ज्यांना खोटं बोलायचं कारण नाही त्यांचं लाईटबद्दलचं चुकलं, आणि ज्याचं बल्बशी जुळलं तो पट्टीबद्दल धडधडीत खोटं बोलला. मग ट्रॉली चालती होती हे त्याचं मी मानू का? मागं बसलेला मित्र म्हणतो उभी होती, मावशी म्हणतात हळूहळू चाललेली. रस्त्यावर मडगार्डखालची माती पडली होती तिथं धडक झाली एवढं कळतं, ट्रॉलीचा वेग त्यातून कळत नाही. रिपोर्टमध्ये मी 'सिद्ध होत नाही' असं लिहिलं. कंपनीतल्या साहेबांचा फोन आला, काहीतरी एक लिहा म्हणून. ऑफिसात बसून हे म्हणायला सोपं आहे, त्या एका ओळीवर पोराच्या भरपाईतले किती टक्के जाणार हे ठरतं.

एक धागा उरलाय. ट्रॉली भरून फडातनं किती वाजता निघाली हे कळलं तर हिशोब लागेल, फड तिथून जवळच, वेळ जास्त गेला असेल तर मधे कुठंतरी थांबली होती. ऊसतोडीची टोळी हंगाम संपवून बीडकडं परत गेलीय. मुकादमाला फोन लावला, तो म्हणाला, "दिवस मावळायच्या आत भरून दिली साहेब." तेवढ्यात मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "अवं, तवा बॅटरी लावून मोळ्या टाकल्या की!" दोघांचं फोनवरच जुंपलं. दोघांचे वेगवेगळे जबाब घ्यायला पुढच्या आठवड्यात बीडला निघतोय.