हार्डली भरलेला हळदीचा ट्रक

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी लिखापढी बघतो. पट्ट्या, हिशेब आणि हल्ली बाहेरगावच्या पार्ट्यांना इंग्रजी मेल. दहावीपर्यंत इंग्रजीत कधी नापास झालो नाही, एवढ्या भांडवलावर मालकांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं.

मार्चमध्ये आवक जोरात असताना चेन्नईला दोनशे पोती राजापुरी पाठवायची होती. हमालांनी रात्री अकरापर्यंत गाडी भरली. मी मोठ्या दिमाखात लिहिलं, 'वी वर्क्ड हार्डली टु लोड युवर ट्रक.' पुढे, गाडीला जरा उशीर होईल म्हणून, 'द ट्रक विल रीच लेटली.' तिकडून एका ओळीचं उत्तर आलं : आम्हालाही तसंच वाटलं होतं.

अर्थ पुतणीने सांगितला. ती बारावीला आहे. "काका, तुम्ही लिहिलंय की आम्ही कामाला जेमतेम हात लावला. आणि लेटली म्हणजे हल्ली, उशिरा नव्हे."

आमच्या शाळेत एकच मंत्र होता : विशेषणाला 'एल-वाय' लावा, क्रियाविशेषण तयार. स्लो, केअरफुल यांना तो चालतो. हार्ड, फास्ट, लेट यांना काही लावायचंच नाही. जुन्या इंग्रजीत हार्डला शेवटी एक 'ई' जोडून क्रियाविशेषण करत. तो ई कालांतराने गळाला आणि दोन्ही रूपं सारखीच उरली. हार्डली मात्र वेगळ्या वाटेने गेलं. त्याचा अर्थ आधी 'मुश्किलीने' आणि मग 'जेमतेम' असा घसरला. आपणही म्हणतोच की, आज मुश्किलीने दहा पोती आली.

फ्रेंडलीत एल-वाय असून ते विशेषण. कारण ही शेपटी मुळात आपल्या 'सारखा'ची बहीण : मित्रासारखा.

पण माझी खरी खोड वेगळीच निघाली. आपण म्हणतो, तो चांगला गातो, ती चांगली गाते. 'चांगलं' हे गाण्याबद्दल असतं, पण लिंग गाणाऱ्याचं घेतं. त्यामुळे ते विशेषणच वाटतं आणि हातून 'शी सिंग्ज वेल'ऐवजी 'शी सिंग्ज गुड' उतरतं. आता मी 'चांगल्या रीतीने' घालून बघतो. हळद चांगली वाळली : चांगल्या रीतीने वाळली, बसतं, म्हणून वेल. हळद चांगली दिसते : चांगल्या रीतीने दिसते? छे. म्हणून गुड. निदान हळदीपुरती तरी ही युक्ती अजून फसलेली नाही.

राहिला 'लूज'. सुट्टा माल आणि गमावणं, दोन्हीला आपल्या तोंडी एकच उच्चार. इंग्रजीत सुट्ट्याचा लूस, गमावण्याचा लूझ. स्पेलिंगसाठी मी कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवलीय : 'माल सुट्टा, दोन ओ. माल गमावला, एक ओ.'

परवा मालकांनी ती वाचली आणि चष्मा वर करून विचारलं, "कुठला माल गमावला रे?"