आमची वाटचाल : जिमी जिब ते ड्रोन

फोटो स्टुडिओ वडिलांचा, वाईत, गणपती आळीजवळ. लग्नाला उंचावरचा शॉट हवा असला की साताऱ्याहून जिमी जिब (कॅमेऱ्याची लांब हाताची क्रेन) भाड्याने यायची. तिचं भाडं आणि दोन माणसांचं जेवण जाऊन आमच्या हातात काही उरायचं नाही. १ डिसेंबर २०१८ ला देशात ड्रोनचे नियम लागू झाले आणि पुढच्या वर्षी पतसंस्थेचं कर्ज काढून आम्ही मॅव्हिक २ प्रो ड्रोन घेतला. जानेवारी २०२० मध्ये सरकारने ड्रोन जाहीर करायला मुदत दिली, तेव्हा लगेच नोंद करून डॅन नंबर (ड्रोनच्या नोंदीची सरकारी पोच) घेतला. तो कागद आजही काउंटरमागे लावलेला आहे.

मॅव्हिकने आम्हाला जेवढं दिलं तेवढं कुठल्याच मशीनने दिलं नाही. एक इंचाचा सेन्सर, दहा बिटचा डी-लॉग एम (रंग नंतर नीट करता येतील असं रेकॉर्डिंग) आणि मुख्य म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) बदलता येतं. सेकंदाला पंचवीस फ्रेम असतील तर शटर पन्नासावर (सेकंदाचा पन्नासावा भाग) ठेवायचं, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. एफ २.८ वर भर दुपारी आयएसओ १०० ला शटर तीन हजारांच्या पुढे जातं, म्हणून एनडी ६४ (उजेड कमी करणारा गडद फिल्टर) लावावाच लागतो. फिल्टर न लावता उडवणाऱ्यांचं फुटेज लगेच कळतं. उसाची पानं, कारंज्याचं पाणी, सगळं टोचल्यासारखं दिसतं. रात्री वरातीतही पन्नासच ठेवा, म्हणजे एलईडीचा फ्लिकर (लुकलुक) येत नाही.

पण स्मूद शॉट फिल्टरने येत नाही, तो बोटांत असतो. स्टिक नुसत्या अंगठ्याने ढकलायची नाही, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची. याव (ड्रोनचं जागेवर वळणं) आणि गिंबल पिच (कॅमेरा धरणाऱ्या यंत्रणेचं वर-खाली झुकणं) यांचा स्पीड सेटिंगमध्ये आधीच कमी करून ठेवायचा, एक्स्पो (स्टिकला ड्रोन किती चटकन प्रतिसाद देतो ते) मऊ करायचा. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर आधी थोडं थांबायचं, मग हळूच निघायचं, आणि थांबतानाही ब्रेक न मारता स्टिक हळूहळू सोडायची. एडिटरला दोन्ही टोकं मिळाली पाहिजेत. नवी पोरं एकदम १२० मीटरवर नेतात. तिथून काहीच हलत नाहीसं वाटतं. झाडाच्या शेंड्याजवळून, पायऱ्यांच्या कडेने न्या, मग बघा हालचाल कशी जाणवते.

हे सगळं ओळखणारं गिऱ्हाईक म्हणजे मंगल कार्यालयवाले अण्णा. त्यांच्याकडे बुकिंग आलं की पार्टीला आमचा नंबर आधी आणि केटररचा नंतर द्यायचे. कमिशन कधी मागितलं नाही. शूटच्या वेळी शेजारी उभे राहून स्क्रीन बघायचे आणि "आता वळव, हळू" असं बरोबर वेळेला म्हणायचे.

मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं. आधी पन्नास माणसांची मर्यादा, मग एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसं आणि दोन तासांत लग्न उरका, असा आदेश. पंचवीस माणसांवर ड्रोन कोण उडवणार? हप्त्याला सवलत मिळाली, पण व्याज चढतच राहिलं. स्टुडिओचं भाडं थकलं, जुनी लायटिंग विकली. मॅव्हिक विकावा, असं घरात सगळ्यांचं मत होतं. अण्णांनी पुढच्या सीझनची लग्नं आपल्या जबाबदारीवर धरली आणि अ‍ॅडव्हान्स आणून ठेवला, त्यांचं स्वतःचं कार्यालय बंद असताना. मॅव्हिक राहिला तो त्यामुळे.

आणि नेमका तेव्हाच आमच्याकडे एडिटिंग शिकलेला मुलगा बाहेर पडला. बाहेर पडण्याबद्दल तक्रार नाही, प्रत्येकाला पोट आहे. पण त्याने आमच्या निम्म्या दरात लग्नं घेतली, पायलटचं सर्टिफिकेट न काढता. ९ फेब्रुवारी २०२२ ला परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, जुन्या मशीनचे भाव चढले. गिंबलची रिबन केबल तुटली तर मुंबईपर्यंत फोन फिरवावे लागायचे. आम्ही दर खाली आणूच शकत नव्हतो.

मग पाचगणीच्या एका रिसॉर्टचं काम त्याच्याकडे गेलं. मालकांनी त्याची शोरील (कामाच्या नमुन्यांचा व्हिडिओ) सहज अण्णांना दाखवली. त्यात मेणवलीचा घाट होता, घंटेच्या देवळाकडून कृष्णेवर सरकत जाणारा शॉट. घाटाच्या पायरीवर पिवळं लुगडं वाळत होतं. ते काढायला अण्णांनी सुचवलं होतं आणि रंग छान दिसतो म्हणून मी राहू दिलं होतं. शॉट आमचाच, अण्णांच्या पुतण्याच्या प्री-वेडिंगचा होता. नवरा-नवरी दिसण्याआधी क्लिप कापलेली आणि आमचा लोगो क्रॉप केलेला.

मी ओरिजिनल फाईल आणि तिच्याबरोबरची एसआरटी फाईल घेऊन पाचगणीला गेलो. त्यात सेकंदा-सेकंदाला जागा, तारीख, शटर, आयएसओ लिहिलेलं असतं. मालकांनी बघितलं आणि म्हणाले, "अ‍ॅडव्हान्स दिलाय, आता काय करणार?" त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही. चोरी मान्य केली आणि कामही चोरालाच दिलं.

नंतर त्यांचाच फोन आला. टेबललँडच्या कडेला वारा खालून वर येतो. त्या मुलाने घेतलेलं तिथलं फुटेज जेलीसारखं हलत होतं, वळताना झटके होते. "एडिटमध्ये नीट करून द्या." वार्प स्टॅबिलायझर (हलतं फुटेज स्थिर करणारा इफेक्ट) टाकला की कडा वितळल्यासारख्या दिसतात, ते आम्ही करत नाही. पुन्हा शूट करू, पूर्ण दराने, असं सांगितलं. त्यांनी घासाघीस न करता दिला. सकाळी वारा पडलेला असताना, दरीच्या बाजूने मागे मागे येत आम्ही तो शॉट घेतला. मध्येच घार अंगावर आली. अशा वेळी ड्रोन सरळ वर न्यायचा, खाली पळवायचा नाही. घार झेप वरून घेते.

या धंद्यात येणाऱ्यांनी मशीनआधी सर्टिफिकेट काढावं. वय अठरा ते पासष्ट, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतून ट्रेनिंग पूर्ण, अशा अटी आहेत. व्हिडिओ कॅप्शन (एसआरटी फाईल यानेच बनते) कायम चालू ठेवा, एसआरटी फाईल डिलीट करू नका. बॅटरी फुल चार्ज करून कपाटात ठेवू नका, फुगते. आणि पूर्ण पैसे आल्याशिवाय लोगो नसलेली फाईल कुणाच्या हातात देऊ नका, नात्यातला असला तरी.

भाचीने आता सर्टिफिकेट घेतलंय आणि अण्णांच्या कार्यालयातली लग्नं तीच उडवते. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा भरत आल्यात. दर तोच आहे.